पुडके दारी आले; पण भाकरीचे काय?

जानेवारी २०२६ च्या अखेरीस अमेरिकेतून एक वृत्त आले. पार्सले घरोघर पोहोचविणाऱ्या 'यूपीएस' या बलाढ्य कंपनीने या वर्षात आणखी ३०,००० पर्यंत जागा कमी करण्याचा आपला संकल्प जाहीर केला. त्याआधीच्या २०२५ या एका वर्षातच तिने सुमारे ४८,००० जागा छाटल्या होत्या. असली वृत्ते आता आमच्या वाचकांच्या अंगवळणी पडली आहेत. सातासमुद्रापलीकडे कोणाची चाकरी गेली याचे सोयरसुतक नाशिकच्या किंवा चांदवडच्या माणसाने का बाळगावे, असे कोणी विचारले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. तथापि ज्या कारणांनी त्या जागा गेल्या ती कारणे समुद्र ओलांडून केव्हाच आपल्या दारात येऊन उभी राहिली आहेत. तिकडे निदान गेलेल्या जागांचा आकडा तरी जाहीर होतो; इकडे तोही होत नाही. चांदवडच्या तरुणाच्या हातातला रोजगार आटला, तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते? आजच्या आमच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रथम ती कारणे पाहू. पार्सले कमी झाली म्हणून माणसे कमी झाली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. जगात आज जितकी पुडकी दारोदार फिरत आहेत तितकी पूर्वी कधीच फिरली नव्हती. पहिले कारण असे की, पुडक्यांबरोबर पोस्टमनच्या झोळीत जे दुसरे ओझे असे, ते पत्रांचे ओझे नाहीसे होत चालले. डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेली सरकारी पत्रवाटप सेवा २०२५ च्या डिसेंबरअखेर बंद झाली आणि तेथे सुमारे १,५०० जागांवर गदा आली. जर्मनीच्या टपाल कंपनीनेही मार्च २०२५ मध्ये ८,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले. दुसरे कारण अधिक खोल आहे. 'यूपीएस'चे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे 'ॲमेझॉन'. या गिऱ्हाइकाने आपला माल वाहण्याची आपली स्वतःची यंत्रणा उभी केली. आणि त्याच्या मालाची वाहतूक निम्म्याहूनही खाली आणावयाची, असे 'यूपीएस'ने २०२५ च्या जानेवारीत ठरविले. तिसरे कारण यंत्रांचे. 'ॲमेझॉन'च्याच गोदामांतून चालणाऱ्या यंत्रमानवांची संख्या २०२५ च्या मध्यास दहा लाखांवर गेली. माल वाढतो, नफाही वाढतो, आणि माणूस मात्र कमी होतो, हे या धंद्याचे आजचे गणित आहे.

हेच गणित आपल्या देशातही मांडले जात आहे. २०१२ साली स्थापन झालेली 'ईकॉम एक्सप्रेस' ही कंपनी लहान गावांत माल पोहोचविण्यासाठी नावाजलेली होती. तिचा निम्म्याच्या आसपास धंदा 'मीशो' या एकट्या विक्री-कंपनीवर अवलंबून होता. 'मीशो'ने 'वाल्मो' नावाची स्वतःची वाहतूक-व्यवस्था उभारली आणि 'ईकॉम एक्सप्रेस'च्या पायाखालची वाळू सरकली. एप्रिल २०२५ मध्ये तिची प्रतिस्पर्धी असलेल्या 'दिल्लीवरी'ने ती सुमारे १,४०७ कोटी रुपयांना विकत घेण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी तो व्यवहार पारही पडला. दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे एकाच गावातील दोन गाळ्यांचा एक गाळा होतो, दोन कारकुनांचा एक कारकून होतो, आणि एकाच वाटेने जाणाऱ्या दोन मोटारसायकलींपैकी एक घरी उभी राहते. हिशेबाच्या दृष्टीने हे योग्यच ठरेल. परंतु घरी उभ्या राहिलेल्या त्या मोटारसायकलीचा हप्ता थांबत नसतो.

आता चांदवडकडे वळू. नाशिकपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले हे गाव वाहतुकीच्या धंद्याला नवखे नाही. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, रेणुकामातेचे देऊळ आणि एके काळी टांकसाळीतून पडणारा 'चांदवडी रुपया' या तीन गोष्टींमुळे त्याचे नाव महाराष्ट्रात दूरवर गेले. जेथे नाणे पडत होते तेथे व्यापार होता, आणि जेथे व्यापार होता तेथे वाहतूक होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाणांचे तांडे या घाटवाटांनी उत्तरेस जात-येत असत. निरोप आणि लखोटे हरकारे व सांडणीस्वार नेत. माल पोहोचविण्याची हमी घेणारे हुंडेकरी होते. त्या सर्वांच्या चुली या रस्त्याच्या धुळीवर पेटत होत्या.

मग आगगाडी आली. १८६५ मध्ये थळघाट ओलांडून लोहमार्ग इगतपुरीस आला आणि पुढे तो लासलगाव-मनमाडवरून गेला. चांदवडवरून गेला नाही. तांड्यांचा धंदा बसला. बैल विकले गेले आणि माणसे मिळेल त्या जमिनीला किंवा मजुरीला लागली. आगगाडी आली हे वाईट झाले, असे आज कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु त्या बदलाची किंमत कोणी दिली, असे विचारले तर उत्तर एकच येते: ज्यांच्या हातात त्या बदलाची दोरी नव्हती त्यांनी दिली. त्या काळच्या सरकारला तांड्यांची गणती करण्याची गरज वाटली नाही. आपण मात्र स्वतंत्र, लोकनियुक्त राज्यात राहतो. दीडशे वर्षांनंतर त्याच रस्त्यावर पुन्हा तोच प्रसंग यावा आणि आपणही गणती न करता स्वस्थ बसावे, हे शोभणारे नाही.

या रस्त्यावरून आज रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. भिवंडीच्या गोदामांतून सुटलेला माल नाशिकला येतो, तेथे त्याची वाटणी होते आणि पहाटे एखादी लहान गाडी पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई करीत चांदवडच्या एखाद्या गाळ्यापुढे पोती उतरवते. पोत्यांतून पुडकी निघतात. कोणाची साडी असते, कोणाचे बूट, कोणाच्या मुलाची परीक्षेची पुस्तके, तर कोणाच्या फवारणी-पंपाचा सुटा भाग. दहा-बारा तरुण ती पुडकी आपापल्या गावांप्रमाणे वेगळी करतात, मोबाइलवर एकेकाची नोंद करतात, पाठीवर भली मोठी झोळी चढवतात आणि दुगाव, निमोण, वडनेरभैरव, धोडंबे अशा दिशांना पांगतात. शहरातील वाटप आणि तालुक्यातील वाटप यांत महदंतर आहे. नाशिकच्या एका इमारतीत पाच पुडकी पाच मिनिटांत दिली जातात. येथे पाच पुडक्यांसाठी पाच वस्त्या पालथ्या घालाव्या लागतात. आणि गिऱ्हाईक कांद्याच्या शेतात गेलेले असले तर सहाव्यांदा तेथेही जावे लागते.

या कामाचा जुना मानकरी म्हणजे पोस्टमन. त्याचेही जग पालटले आहे. तार १५ जुलै २०१३ पासून इतिहासजमा झाली. १८८० पासून घराघरात दिवाळी नेणारी जुनी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. 'रजिस्टर' म्हणून आपण ज्यास ओळखत होतो ती नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. पत्रे गेली आणि पार्सले व टपाल-बँकेचे काम आले. खेड्यांत तर हे काम मुख्यतः 'ग्रामीण डाक सेवक' करतो. हा सेवक सरकारी असूनही पुरा सरकारी नाही. त्याचे पद हे नागरी पद होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिला. तरी नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन त्याच्या वाट्यास आले नाही. २०१८ च्या वेतनरचनेत चार तासांच्या कामासाठी साहाय्यक सेवकाचा प्रारंभीचा भत्ता १०,००० रुपये ठरला. महागाई भत्ता त्यावर वेगळा. हे मानधन काही डोळे दिपविणारे नव्हे. तरीही २०२४ मध्ये ४४,२२८ आणि २०२५ च्या प्रारंभी २१,४१३ जागांची भरती निघाली, तेव्हा दहावीची पात्रता असलेल्या या कामासाठी पदवीधरांनीही अर्ज भरले. कारण उघड आहे. भत्ता लहान असला तरी तो महिन्याच्या महिन्याला येतो, आणि आजारी पडले म्हणून जागा जात नाही.

खासगी पुडकीवाल्याची गोष्ट निराळी. त्यास पगार नाही, पुडक्यामागे पैसे. दर कंपनीगणिक, गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. आपण वाचकांना समजण्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. पोहोचलेल्या पुडक्यामागे १२ रुपये धरा आणि दिवसाला ५० पुडकी पोहोचली असे समजा. मिळकत ६०० रुपये झाली. खेड्यांची फेरी ८० किलोमीटरांची, मोटारसायकल लिटरमागे ४० किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०० रुपयांनी धरले, तर २०० रुपये पेट्रोलात गेले. उरले ४००. महिन्याचे २६ दिवस काम केले तर १०,४०० रुपये हातात आले. यातूनच टायर, तेल, दुरुस्ती, मोबाइलचा खर्च आणि गाडीचा हप्ता. म्हणजे सकाळी सात-आठपासून दिवेलागणीपर्यंत राबणाऱ्या या तरुणाच्या हाती, चार तासांच्या डाक सेवकाला महागाई भत्ता वगळून जे मिळते, तेवढेही धड उरत नाही. आणि हा झाला बऱ्या दिवसांचा हिशेब.

वाईट दिवसांचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. कारण या धंद्यातील बेकारीचे खरे स्वरूप त्यात दडलेले आहे. समजा, एखाद्या मोठ्या विक्री-कंपनीने आपला माल दुसऱ्या वाहतूकदाराकडे वळविला आणि आपल्या तरुणाची ५० पुडकी २५ वर आली. मिळकत निम्मी होऊन ३०० रुपये झाली. पण फेरी निम्मी होत नाही. गावे तीच, वस्त्याही बहुतेक त्याच. ८० ऐवजी फार तर ७० किलोमीटर होतील. पेट्रोलास १७५ रुपये लागलेच. उरले १२५. माल निम्मा झाला, तर हाती राहणारी रक्कम निम्मी न होता तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आली! शेतमजुरीचा दिवस याहून बरा, हे त्यास कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. तो आठवडाभर वाट पाहतो, मग एक दिवस गाळ्यावर जात नाही. त्यास कोणी काढले नाही. नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, कामगार न्यायालय नाही. कंपनीच्या दप्तरी 'एक भागीदार निष्क्रिय झाला' एवढीच नोंद. नोकरी जाण्यासाठी आधी नोकरी असावी लागते; येथे नोकरीच नसल्यामुळे ती गेल्याचे सिद्धच होत नाही.

'यूपीएस'च्या कामगाराशी याची तुलना करा. १९९७ साली त्या कंपनीच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी, अर्धवेळ कामाच्या वाढत्या प्रथेविरुद्ध पंधरा दिवसांचा संप केला आणि १०,००० पूर्णवेळ जागा पदरात पाडून घेतल्या. २०२३ मध्ये सुमारे ३,४०,००० कामगारांचा नवा करार झाला. आज त्याच कंपनीत जागा कमी होत आहेत. पण कंपनीला मोटारचालकांपुढे पैसे ठेवून, 'स्वखुशीने जाता का?' असे विचारावे लागते. संघटना आणि करार असले की जाणाऱ्या माणसालाही काही किंमत राहते. संघटनेने तिकडची छाटणी थांबली नाही हे खरे. परंतु ती चोरपावलांनी होऊ शकली नाही, हेही तितकेच खरे आहे.

आमच्याकडे मात्र या तरुणास 'भागीदार' ही पदवी बहाल करण्यात आली आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात तो हा प्रकार! भागीदार म्हणजे ज्याचा नफ्यात वाटा आहे तो. मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या मातीतून आलेल्या या मंडळींनी शतकाहून अधिक काळ गटागटाने आपला धंदा चालविला. गटाची मिळकत गटाने वाटून घेतली. नवा माणूस घ्यावयाचा की नाही हे गटाने ठरविले. २०२० च्या टाळेबंदीने आणि घरून काम करण्याच्या रीतीने त्यांच्याही धंद्याला जबर धक्का दिला व अनेकांना गावी परतावे लागले. पण ते परतले ते आपल्या धंद्याचे मालक म्हणून. चांदवडच्या पुडकीवाल्यास दर ठरविता येत नाही, गिऱ्हाईक निवडता येत नाही, परत आलेल्या मालाबद्दल वाद घालता येत नाही, आणि हिशेबात रोख रक्कम कमी भरली तर ती त्याच्या मिळकतीतून वळती होते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात त्याचा; नियम मात्र दुसऱ्याचे. याला भागीदारी म्हणावयाचे असेल तर वेठबिगारीलाही सहकार म्हणता येईल.

कोणी म्हणेल, मग ही मुले हे काम धरतातच कशाला? याचे उत्तर गाळ्यात शोधून सापडणार नाही. ते शेतात आहे. चांदवड हा पर्जन्यछायेतला तालुका. कांदा हा त्याचा आधार. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्यातीस बंदीच झाली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. त्यानंतर राहिलेले शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी उठले. दिल्लीतील एका आदेशाने ज्या घराचे वर्षाचे अंदाजपत्रक कोसळते, त्या घरातील एका मुलाने तरी रोजचे रोकड उत्पन्न आणावे, असे बापाला वाटणारच. शिवाय गावातच अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण मिळते. मुले शिकतात, पण त्या शिक्षणाला साजेशी नोकरी तालुक्यात नाही. पुण्या-मुंबईला जाऊन खोलीचे भाडे भरण्यापेक्षा घरची भाकरी खाऊन पुडकी वाटणे परवडते. म्हणजे या कंपन्यांना जे स्वस्त मनुष्यबळ मिळते, त्याचा निम्मा पगार वस्तुतः शेतकऱ्याची चूल देत असते. शेती तोट्यात, आणि तोट्यातल्या शेतीने पोसलेला मुलगा नफ्यातल्या व्यापाराला स्वस्तात वाहतूक पुरवितो. हा उलटा व्यवहार आमच्या अर्थतज्ज्ञांनी एकदा डोळे उघडून पाहावा.

आम्ही या धंद्याच्या विरुद्ध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पूर्वी ज्या वस्तूसाठी चांदवडच्या माणसाला नाशिकची एसटी गाठावी लागे, ती आज त्याच्या अंगणात येते. औषधे, पुस्तके, अवजारे यांच्या बाबतीत शहर आणि खेडे यांतील अंतर कमी झाले आहे. गावातल्याच एखाद्या गृहिणीने केलेले पापड-मसाले याच पोत्यांतून उलट दिशेने पुण्याला जाऊ शकतात. पेठेतील दुकानदारांस याची झळ बसते, हेही खरे. तरी गिऱ्हाइकाची सोय कोणी हिरावून घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय ज्याच्याजवळ कालपर्यंत कोणतेच काम नव्हते त्यास काही काम मिळाले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा तात्पुरत्या, ॲपच्या द्वारे चालणाऱ्या कामांवर २०२०-२१ मध्ये देशातील ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होतील, असा अंदाज होता. अडीच कोटींच्या घरात जाणारा हा वर्ग म्हणजे काही किरकोळ अपवाद नव्हे. नेमके म्हणूनच त्याच्या पायाखाली जमीन हवी.

कायद्याने काहीच केले नाही असेही नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ॲपच्या साहाय्याने काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावी, मात्र ती कामगारांस दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तीत तरतूद आहे. माल पोहोचविणाऱ्या कंपन्याही तिच्या अनुसूचीत आहेत. ही पहिली पायरी होय आणि तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु या संहितेने विमा आणि निधी यांचे दार किलकिले केले. किमान वेतनाचे दार या तरुणांसाठी बंदच राहिले. दुसरी अडचण अशी की, डिसेंबर २०२५ अखेरच्या नियमांच्या मसुद्यात, लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केलेले असावे, अशी अट घातली गेली. आणि तिसरी अडचण तालुक्याची आहे. शहरात कंपनी आणि कामगार यांच्यामध्ये केवळ ॲप असते. तालुक्यात पुष्कळदा गाळा चालविणारा एक ठेकेदार असतो. 'हा माणूस आमचा नव्हे, ठेकेदाराचा' असे कंपनीने म्हणावे, आणि ठेकेदाराने 'मीच कंपनीचा ताबेदार' म्हणून हात वर करावेत, अशी ही पळवाट आहे. ती आजच बुजविली नाही तर संहितेतला पैसा चांदवडपर्यंत पोहोचता पोहोचता वाटेतल्या घाटातच आटून जाईल.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राने परमुलखात जाण्याचे कारण नाही. रोज नवा मालक, रोज नवे ओझे आणि कोणाच्याच हजेरीपटावर नाव नाही, अशी जी हमालांची दशा होती, तिच्यावर याच राज्याने १९६९ साली माथाडी कायद्याचा तोडगा काढला. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचे ते फळ. मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मंडळात भरावा, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यावा, अशी ती योजना. 'मालक कोण?' या वादात न पडता 'काम कोणासाठी झाले?' एवढेच पाहावयाचे, हे तिचे मर्म आहे. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांना ही व्यवस्था अपरिचित नाही. २०२४ च्या एप्रिलात हमाली-तोलाईच्या कपातीवरून लिलाव बंद पडले, तो वाद आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही पुढे निपजले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गैरवापर झाला म्हणून मूळ तत्त्व खोटे ठरत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी असेच कल्याण-निधीचे कायदे केले. जो विचार महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वी देशाला दिला, त्यात महाराष्ट्रानेच इतरांच्या मागे राहावे काय?

आमच्या मागण्या मर्यादित आहेत. पहिली गोष्ट मोजदादीची. प्रत्येक तालुक्यात किती माणसे पुडकी वाटतात, किती जणांनी गेल्या वर्षात ते काम सोडले, याची नोंद कंपन्यांनी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयास देणे बंधनकारक असावे. दुसरी गोष्ट, पुडक्यामागच्या दराला अंतराची जोड असावी. शहराचा दर खेड्याच्या वस्तीला लावणे हा उघड अन्याय आहे. तिसरी, पुडकी नसली तरी गाळ्यावर हजर राहिलेल्या दिवसाची काही किमान रक्कम ठरावी. चौथी, दर कमी करावयाचा किंवा केंद्र बंद करावयाचे असेल तर निदान महिनाभराची लेखी सूचना मिळावी. पाचवी, राहूडच्या घाटासारख्या रस्त्यावर रोज दुचाकी हाकणाऱ्याचा अपघात-विमा पहिल्या दिवसापासून कंपनीच्या खर्चाने असावा. ९० दिवस भरेपर्यंत अपघात थांबून राहत नाहीत. या पाच गोष्टींनी कोणती कंपनी बुडेल, असे आम्हांस वाटत नाही. एका पुडक्यावर पडणारा बोजा फार तर काही रुपयांचा असेल.

आणि येथेच आम्हांला आमच्या सुशिक्षित वाचकांना दोन शब्द सांगावयाचे आहेत. तो काही रुपयांचा बोजा शेवटी आपल्यावरच येणार आहे. 'घरपोच सेवा मोफत' हे शब्द वाचून आपण खूश होतो. परंतु जगात मोफत असे काही नसते. ज्याचे मोल गिऱ्हाइकाने दिले नाही आणि व्यापाऱ्यानेही दिले नाही, ते तिसऱ्या कोणी तरी दिलेले असते. तो तिसरा आपल्या दाराशी उभा राहून सही मागतो, आणि आपण त्याच्याकडे न पाहताच दार लावून घेतो. पूर्वीच्या पोस्टमनचे नाव घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. दिवाळीस त्यास पोस्त मिळे. आज मोबाइलवर नाव उमटते, पण ते आपण वाचत नाही. आम्ही येथे दानधर्माची याचना करीत नाही. दिलेल्या श्रमाचे रास्त मोल किमतीत धरले जावे आणि ते भरण्यास आपण कुरकुर करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

चांदवडला एक वारसा आहे, त्याचे स्मरण देऊन आम्ही हे विवेचन पुरे करतो. ९ व १० नोव्हेंबर १९८६ या दिवशी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच गावी भरले आणि खेडोपाडीच्या स्त्रिया लाखांच्या संख्येने येथे जमल्या. शेतात आणि घरात बाई जे राबते त्याची कोठेच गणती नाही, हे दुःख त्या दिवशी उघड्या मैदानात बोलले गेले, आणि पुढे जमिनीवर बाईचे नाव लावण्याचा विचार त्यातूनच रुजला. श्रमाची गणती झाल्याविना न्याय होत नाही, हा त्या अधिवेशनाचा धडा होता. त्या दिवशी मैदानात बसलेल्या आयांचे नातू आज त्याच गावात पाठीवर झोळी घेऊन उभे आहेत आणि त्यांचेही श्रम कोणत्याच वहीत नाहीत. अमेरिकेतील ३०,००० जागांचा हिशेब जगापुढे मांडला गेला. चांदवडच्या तीस तरुणांचा हिशेब मांडण्याची जबाबदारी मुंबईच्या मंत्रालयाची, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाची आणि त्यांच्याकडून तो मागून घेणाऱ्या आम्हां-तुम्हां सर्वांची आहे. हा हिशेब मागण्यास आता उशीर करून चालणार नाही.